मेणात उरलेलं

स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतून काढलेला चरबीचा गोळा प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आला की डोळ्यांच्या आधी बोटं कामाला लागतात. फॉर्मॅलिनमध्ये राहून चरबी पिवळी, निसरडी झालेली असते. ती अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपत जायचं आणि कुठे काही घट्ट लागतंय का ते बघायचं. शोधायचे ते लिम्फ नोड, म्हणजे लसिका (शरीरातला पाण्यासारखा द्रव) गाळणाऱ्या लहान गाठी. एखादा नोड मोठा, टणक, कापल्यावर आतून पांढराफटक असतो. त्याचं निदान सुरी लागताच होऊन जातं. स्लाइड म्हणजे नुसता सही-शिक्का. पण बोटांची खरी परीक्षा असते ती जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या मऊ नोडपाशी. वय वाढतं तसा काखेतल्या नोडचा मधला भाग चरबीनं व्यापत जातो आणि लसिकापेशींची फक्त एक पातळ कड उरते. असा नोड डोळ्यांना चरबीच वाटतो. बोटांना मात्र तो किंचित निराळा लागतो, आणि तो किंचितपणा शिकायला काही वर्षं जातात.

या कामाला ग्रॉसिंग म्हणतात. शिकाऊ डॉक्टरांना ते कंटाळवाणं वाटतं. हात वासानं भरतात, पाठ दुखते आणि मायक्रोस्कोपपुढे बसण्याची ऐटही त्यात नाही. मला विचाराल तर स्तनाच्या कर्करोगाच्या स्टेजिंगमधला, म्हणजे आजार किती पसरलाय हे ठरवण्यातला, निम्मा प्रामाणिकपणा याच टेबलावर पणाला लागतो. जो नोड कॅसेटमध्ये, म्हणजे मेणात बसवायचे तुकडे ठेवायच्या डबीत, गेलाच नाही, तो पुढे कुठल्याच भिंगाला दिसणार नसतो.

मोजणीवर इतका जीव टाकायचा कारण स्टेजच मोजणीवर उभी आहे. एक ते तीन नोडमध्ये कर्करोग आढळला तर पीएन१ ('पी' पॅथॉलॉजीचा, 'एन' नोडचा), चार ते नऊमध्ये पीएन२, दहा किंवा जास्त नोडमध्ये पीएन३. (छातीच्या हाडाआडचे, गळपट्टीच्या हाडाजवळचे नोड वगैरे बारकावे यात आहेत, ते इथे सोडून देते.) आता एकच नोड कापून दोन कॅसेटमध्ये गेला आणि चुकून दोनदा मोजला गेला, तर तीनाचे चार होतात आणि कागदावर आजार एक पायरी पुढे सरकतो. म्हणून एका कॅसेटमध्ये दोन नोड ठेवायचे तर त्यांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावायची, मोठा नोड दोन-तीन कॅसेटमध्ये विभागला तर तशी नोंद करायची. या कारकुनीला कुणी विज्ञान म्हणत नाही, पण उपचार तिच्यावर ठरतात.

वैद्यकाची नजर काखेवर फार आधीपासून आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरशो यांनी नोड ही कर्करोगाला अडवणारी गाळणी मानली. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी त्या कल्पनेवर शस्त्रक्रिया उभारली: आजार स्तनातून काखेत आणि काखेतून पुढे अशा पायऱ्यांनी जातो, तेव्हा स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतलं सगळं एकसंध काढून टाका. १८९४ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि पुढची कित्येक दशकं तीच रीत पडली. रुग्ण स्त्रियांचे हात सुजून जड होत, खांदे आखडत. ती जगण्याची किंमत समजली जाई.

पुढे बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जनना ही पायऱ्यांची गोष्ट पटेना. एनएसएबीपी या अमेरिकन संशोधनगटाची बी-०४ ही त्यांची रुग्णांवरची चाचणी १९७१ मध्ये सुरू झाली. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं अशा स्त्रियांचे तीन गट केले गेले: एका गटात हॉल्स्टेड पद्धतीची पूर्ण शस्त्रक्रिया, दुसऱ्यात स्तन काढून काखेला रेडिएशन, तिसऱ्यात फक्त स्तन काढायचा आणि काखेत पुढे काही उगवलं तरच तिथे हात घालायचा. २००२ मध्ये २५ वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा तिन्ही गटांच्या आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. या चाचणीतली एक गोष्ट मला अजून चक्रावते. काख साफ केलेल्या गटात सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या नोडमध्ये कर्करोग सापडला होता. चिठ्ठ्या टाकूनच गट पाडलेले, म्हणजे काखेला हातही न लावलेल्या गटात साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. प्रत्यक्षात त्यातल्या जेमतेम निम्म्या जणींच्या काखेत त्यानं पुढे डोकं वर काढलं. बाकीच्यांचं काय झालं? शरीरानं तो गिळला की तो नुसताच बसून राहिला, याचं उत्तर त्या नोडपाशीच राहिलं, कारण ते नोड कुणी काढले नाहीत आणि कुणी पाहिले नाहीत.

माझ्या कामाबद्दल मला जे वाटतं त्याचं मूळ या आकड्यांत आहे. नोडमध्ये कर्करोग आहे का, आणि तो बघायलाच हवा होता का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आम्ही पॅथॉलॉजिस्ट बराच काळ पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचंही दिल्यासारखे वागत होतो.

नंतर सेंटिनेल नोड आला. स्तनातली लसिका काखेत ज्या नोडकडे सर्वांत आधी जाते, तो आधी बघा. तो स्वच्छ असेल तर पुढचे बहुधा स्वच्छच. ही कल्पना १९७७ मध्ये रॅमॉन कबानास यांनी शिश्नाच्या कर्करोगासाठी मांडली होती. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून तो नोड शोधून दाखवला. स्तनाच्या कर्करोगात डेव्हिड क्रॅग यांनी १९९३ मध्ये किरणोत्सारी द्रव्य आणि त्याचे किरण टिपणारा गॅमा प्रोब वापरला, तर पुढच्या वर्षी आर्मांडो ज्युलियानो यांनी निळा रंग. आज बरेच सर्जन दोन्ही वापरतात. टेबलावर येणारा नोड कधीकधी अजून निळसर असतो.

आमच्या बाजूनं यानं सगळं उलटंपालटं केलं. पूर्वी पंधरा-वीस नोड यायचे आणि प्रत्येकाचा एखाददुसरा काप बघून आम्ही मोकळे व्हायचो. आता येतात दोन किंवा तीन, आणि त्यांच्यावर स्त्रीच्या उरलेल्या काखेचं भवितव्य टांगलेलं. साहजिकच त्यांची कसून तपासणी सुरू झाली.

कसून म्हणजे किती, इथे खरी गंमत आहे. घेवड्याच्या दाण्याएवढा नोड घेतला, तर तो लांबीच्या दिशेनं साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये कापायचा आणि सगळ्या चकत्या मेणात बसवायच्या. दोन मिलिमीटरच का? त्याहून मोठा कर्करोगाचा पुंजका कुठल्या ना कुठल्या कापलेल्या पृष्ठभागावर येणारच, तो दोन चकत्यांच्या मध्ये लपू शकत नाही. मग त्या मेणाच्या ब्लॉकवरून मायक्रोटोम या कापायच्या यंत्रानं साधारण चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्र्यासारखी पट्टी काढायची, पाण्यावर तरंगवायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. आता हिशेब करा. दोन मिलिमीटरच्या चकतीत चार मायक्रॉनच्या पट्ट्या निघतील सुमारे ५००. त्यातली आम्ही बघतो एक, फार तर तीन-चार. उरलेली चकती मेणात तशीच राहते. रिपोर्टवर मी 'निगेटिव्ह' लिहिते, ते त्या एका पट्टीच्या जोरावर, आणि मोठा पुंजका चुकणार नाही या भूमितीच्या भरवशावर.

ती पट्टी बघणं हे मात्र सुख आहे, हे मान्य केलंच पाहिजे. आधी सर्वांत कमी शक्तीचं भिंग. हिमॅटॉक्सिलिन या रंगानं निळ्याजांभळ्या झालेल्या लाखो लसिकापेशी, मध्ये त्या जिथे वाढतात ती फिकट गोल केंद्रं, भोवती गुलाबी आवरण. (हिमॅटॉक्सिलिन येतं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून. इतकी रसायनं आली, पण पेशीच्या केंद्रकाला निळं करायला अजून त्याच झाडाकडे जावं लागतं, याचं मला बरं वाटतं.) या आवरणाच्या अगदी आतून एक अरुंद पोकळी नोडभोवती फिरते. बाहेरून येणाऱ्या लसिकावाहिन्या तिच्यातच उघडतात, म्हणून स्तनातून वाहत आलेली पेशी आधी इथे थबकते. माझी नजर कडेकडेनं पूर्ण प्रदक्षिणा घालते आणि मगच आत शिरते. शिकणाऱ्यांनाही मी तेच सांगते, कारण नवखा डोळा नोडच्या मध्यावर आधी जातो आणि तिथली सुंदर केंद्रं बघत बसतो.

बहुतेक वेळा कर्करोगाच्या पेशी ओळखू येतात. लसिकापेशींपेक्षा त्या मोठ्या असतात, गुलाबीपणा जास्त असतो आणि एकमेकींना चिकटून पुंजका करतात. पण लोब्युलर हा स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार वेगळाच वस्ताद. त्याच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुधा गमावलेलं असतं, म्हणून त्या सुट्या सुट्या, लहान आणि निरागस दिसणाऱ्या, लसिकापेशींच्या गर्दीत मिसळून जातात. नोडच्या पोकळीत राहणाऱ्या हिस्टिओसाइट, म्हणजे कचरा गिळणाऱ्या, पेशींसारख्याही दिसतात. पूर्ण स्लाइड दोनदा फिरून झाली, काही नाही असं वाटलं, आणि तरीही कुठलातरी कोपरा जरा जास्त गजबजलेला वाटला, तर तिथे सायटोकेरॅटिनची चाचणी लावायची. त्यात एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशी तपकिरी होतात. स्तनाचा कर्करोग त्यांचाच. काही वेळा रंगून आलेली स्लाइड भिंगाखाली ठेवताच नोडभर विखुरलेले तपकिरी ठिपके दिसतात. तेच क्षेत्र आपण साध्या स्लाइडवर नुकतंच बघितलेलं असतं.

तपकिरी दिसलं म्हणजे कर्करोगच, असंही नाही. नोडच्या स्वतःच्या सांगाड्यातल्या काही रेटिक्युलम पेशी सायटोकेरॅटिननं रंगतात. क्वचित नोडच्या आवरणात तिळाच्या पेशी, म्हणजे निव्वळ निरुपद्रवी नीव्हस, बसलेला असतो. तो सायटोकेरॅटिनला दाद देत नाही, एस-१०० या दुसऱ्या रंगचाचणीला देतो. कधी स्तनाच्या निरोगी नळीचा तुकडा जन्मापासून नोडमध्ये असतो. आणि काही पेशी तर आधीच्या सुई-बायॉप्सीनं ढकलल्या जाऊन लसिकेबरोबर वाहत आलेल्या असतात. त्यांना तिथे स्थायिक झालेल्या म्हणायचं की नुसत्या आलेल्या, हे नीट सांगता येतंच असं नाही.

समजा खात्रीनं कर्करोगाच्याच पेशी आहेत. मग येते मोजपट्टी. पुंजका दोन मिलिमीटरहून मोठा असेल तर मॅक्रोमेटास्टॅसिस (मेटास्टॅसिस म्हणजे मूळ जागेपासून पसरलेला कर्करोग). ०.२ ते दोन मिलिमीटरमध्ये असेल तर मायक्रोमेटास्टॅसिस, पीएन१एमआय. ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, किंवा एका पट्टीत २०० पेशींहून कमी, तर त्या सुट्या पेशी. स्टेज पीएन० आणि कंसात 'आय प्लस'. दोन मिलिमीटरची रेघ बरीच जुनी आहे. अँड्र्यू ह्यूव्हॉस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये काखेतले दोन मिलिमीटरपर्यंतचे पुंजके वेगळे काढून त्या रुग्णांचं पुढे काय झालं ते तपासलं होतं. ०.२ ची रेघ नंतर आली.

या रेघा कर्करोगाला माहीत नसतात, हे वाक्य परिषदांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला वीट आलाय. ते खरं आहे, पण रेघेशिवाय चालतही नाही. मला त्याहून अडचणीचं वाटतं ते प्रत्यक्ष मोजणं. तीन पुंजके जवळजवळ आहेत, मध्ये थोड्या लसिकापेशी. नियम सांगतो की सलग असलेला सर्वांत मोठा पुंजका मोजा, वेगळ्यांची बेरीज करू नका. आता मध्ये चार लसिकापेशी असतील तर ते सलग की वेगळे? आणि लोब्युलरच्या विखुरलेल्या पेशी तर कुठून कुठे मोजायच्या? तिथे २०० पेशींचा नियम उपयोगी पडतो. डोळे चोळत एक एक पेशी कुणी मोजत नाही. अंदाज बांधतो आणि शेजारच्या सहकाऱ्याला बोलावतो. दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्याला. नेमकं ०.२ वर असलेल्या पुंजक्याबद्दल मतभेद झाला, तर लहान गटात टाकायचा अशी माझी तरी सवय आहे.

एकदा एक बाई स्वतःचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांनी 'आय प्लस'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पेशी सापडल्या असं लिहिलंय आणि पुढे शून्यही लिहिलंय. खरं काय?" मी रेघा समजावल्या. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आहे, पण धरायचं नाही." मला त्याहून अचूक सांगता आलं नसतं.

आणि धरायचं का नाही, याची उत्तरंही हळूहळू मिळत गेली. सेंटिनेल नोड आल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत शोधाची जणू चढाओढ लागली होती: ब्लॉकमधून खोलवर पट्ट्या काढा, प्रत्येकीवर सायटोकेरॅटिन लावा. जितकं शोधावं तितकं सापडत गेलं. बी-३२ या चाचणीत, निगेटिव्ह ठरलेल्या सेंटिनेल नोडचे ब्लॉक पुन्हा खोलवर कापून रंगवले, तेव्हा १५.९ टक्के स्त्रियांत दडलेला कर्करोग निघाला. २०११ मध्ये त्याचा निकाल आला: पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दडलेला कर्करोग सापडलेल्यांत ९४.६ टक्के, न सापडलेल्यांत ९५.८. फरक १.२ टक्क्यांचा. एवढ्यासाठी प्रत्येक निगेटिव्ह नोडचा ब्लॉक संपेपर्यंत कापत बसावं का? बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि नेहमीच्या कामात सगळ्या निगेटिव्ह नोडवर सायटोकेरॅटिन लावण्याची प्रथा मागे पडली. नेदरलँड्समधल्या २००९ च्या एका अभ्यासात मात्र, पुढचे औषधोपचार न घेतलेल्या स्त्रियांत अशा बारीक पुंजक्यांमुळे आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, हे विसरू नये. म्हणजे बारीक पुंजका निरर्थक नाही. बाकीचे उपचार चांगले असले की त्याचं वजन कमी होतं.

मग झेड-००११ ही चाचणी आली आणि तिनं मोठ्या पुंजक्यांचाही तोरा उतरवला. एक किंवा दोन सेंटिनेल नोड पॉझिटिव्ह, स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया झालेली, पुढे रेडिएशन मिळणार, अशा स्त्रियांमध्ये काखेतले उरलेले नोड काढले काय आणि न काढले काय, दहा वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण नोड काढलेल्यांत ८३.६ टक्के आणि न काढलेल्यांत ८६.३ टक्के होतं. ऑपरेशन चालू असताना गोठवलेल्या नोडची पट्टी काढून वीस-पंचवीस मिनिटांत फोनवर उत्तर द्यायची आमची धावपळ त्यानंतर बरीच थंडावली. फ्रोझन सेक्शनची मला तशीही आवड नव्हती. गोठताना पेशी फुगतात, लोब्युलर तर त्यात जवळपास अदृश्यच.

यंत्रंही आता शोधात उतरली आहेत. स्लाइडवरचा कर्करोग शोधणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमच्या कॅमेलियन नावाच्या स्पर्धेचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १२९ स्लाइड, सगळ्या स्तनाच्या कर्करोगातल्या सेंटिनेल नोडच्या. ११ पॅथॉलॉजिस्टांना साधारण दोन तासांत त्या सगळ्या बघायला सांगितलं. एक म्हणजे अगदी अचूक, अशा मोजपट्टीवर त्यांची सरासरी आली ०.८१०, सर्वांत चांगल्या प्रोग्रॅमची ०.९९४. चुकलेले बहुतांशी बारीक पुंजके. वेळेचं बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टनं तब्बल ३० तास घेऊन ०.९६६ गाठलं. बातम्यांत यातलं शेवटचं वाक्य सहसा नसतं. मिनिटाला एक स्लाइड कुणी शहाणा माणूस बघत नाही, असं म्हणून मी हसते खरी, पण संध्याकाळी साठलेल्या ट्रेकडे बघितलं की ते हसू फार टिकत नाही. पेशींचा तो एखादा पुंजका यंत्रानं लाल चौकटीत दाखवला तर मला हवाच आहे. त्याला धरायचं का नाही, हे सांगायला मात्र पुन्हा वर्षानुवर्षांच्या चाचण्याच लागणार.

आता तर काही स्त्रियांच्या बाबतीत नोड पाठवणंच बंद होतंय. साऊंड या चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असलेल्या स्त्रियांमध्ये सेंटिनेल नोड काढलेल्या आणि न काढलेल्या गटांत पाच वर्षांनी जवळपास फरक दिसला नाही. तो निकाल २०२३ मध्ये आला. आपल्या हातची कला जाते याची हुरहुर मला वाटायला हवी, तशी ती वाटत नाही. ज्या काखेला सुरी लागली नाही तिथे हात सुजण्याची भीतीही नाही.

एका ठिकाणी मात्र हे सगळं उलटं फिरतं. ऑपरेशनच्या आधी केमोथेरपी दिलेल्या स्त्रीचा नोड. इथे कर्करोग होता तिथे बरेचदा फक्त व्रण असतो, मेलेल्या पेशी गिळून फेसाळ झालेले मॅक्रोफेज असतात. त्या व्रणात अडकलेल्या चार पेशीही सापडल्या तरी त्या औषधाला पुरून उरलेल्या पेशी असतात. स्टेजच्या भाषेत तो पुंजका ०.२ हून लहान म्हणून वायपीएन० च्या ('वाय' म्हणजे आधी औषध दिलेलं) कंसात जाईल, पण आजार पूर्णपणे गेला असं मात्र त्यावर म्हणता येत नाही, आणि पुढे कुठलं औषध द्यायचं हे त्यावर बदलू शकतं. आधी केमो न झालेल्या नोडमध्ये ज्या चार पेशी मी शांतपणे कंसात टाकते, त्याच इथे मी पुन्हापुन्हा शोधते, खोलवर पट्ट्या मागवते, सायटोकेरॅटिन लावते. केमोआधी नोडमध्ये खुणेची क्लिप बसवलेली असेल तर ती सापडल्याशिवाय टेबल सोडत नाही.

म्हणून नोडची बरणी आली की मी झाकण उघडायच्या आधी सोबतचा फॉर्म बघते. 'आधी केमो झाली आहे का' असा एक रकाना त्यात असतो. तो कित्येकदा रिकामाच असतो. मग सर्जनना फोन लावायचा आणि ते ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येईपर्यंत थांबायचं.